मा. गृहमंत्री, मार खाणाऱ्याची नोंद कुठे होते?

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले वीसही आमदार

सप्रेम नमस्कार.

मी औषध विक्रेता आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर हे पत्र एका पोलीस ठाण्याविरुद्धची तक्रार होऊन बसेल, एखाद्या हवालदाराची बदली होईल आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतील. चोपडा घ्या, शहादा घ्या, चाळीसगाव घ्या, साक्री घ्या. कुठल्याही स्टँडवर रात्री नऊनंतर अर्धा तास उभं राहिलात तर मी काय म्हणतोय ते सांगावं लागणार नाही.

आमच्या दुकानात काम करणाऱ्या पोराला मार बसला, म्हणून हे लिहितोय. शटर अर्धं ओढलेलं होतं. एक माणूस झोकांड्या खात आला आणि अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची पट्टी मागू लागला. पोरगा म्हणाला, दादा, डॉक्टरची चिठ्ठी आणा. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा बोलायच्या आत तोंडावर ठोसा बसला आणि तो ओट्याच्या काठावर आपटला. चाकू नव्हता, बाटलीही नव्हती, नुसता एक ठोसा. मी कापसाचा बोळा लावला तो लगेच भिजला, दुसरा लावला तोही भिजला, आणि पोरगा काही बोलायचा प्रयत्न करत होता पण खालचा जबडा वरच्याशी जुळतच नव्हता.

रात्रीच्या तपासणीत "साधी दुखापत" असं लिहिलं गेलं. ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागलं, म्हणजे एन.सी., अदखलपात्र गुन्हा. कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एक कागद हातात मिळाला, त्यावर खाली छापलेलं, की फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली आहे. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तेव्हा जबड्याचं हाड मोडल्याचं कळलं. दात तारांनी बांधले. पोरगा दीड महिना पेजेवर. हाड मोडलं की दुखापत गंभीर ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो, हे मला ठाऊक होतं. दाखलाही दिला. कलम वाढलं, पण ते वाढेपर्यंत मारणारा आणि मार खाणारा स्टँडवर रोज समोरासमोर येत होते. पोराची आई दुकानात येऊन मला विचारायची, "मन्हा पोऱ्यानी कोनं काय बिघाडं व्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा पाळला म्हणून त्याने मार खाल्ला होता, हे तिला कसं सांगायचं?

ठाणे अंमलदाराला मी दोष देत नाही. भला माणूस होता. म्हणाला, "शेठ, कायद्यात जेवढं आहे तेवढंच मी लिहिणार ना." खरं आहे त्याचं. म्हणूनच हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आता माझी गाऱ्हाणी ऐका.

सगळ्यात आधी त्या कागदाचं. मारणारा नीट उभा राहू शकत नव्हता, हे स्टँडवरच्या प्रत्येकाने पाहिलं. पण एन.सी.च्या कागदात त्याच्या नशेचा उल्लेख कुठेच नाही. श्वास तपासला नाही, रक्त घेतलं नाही. हाच माणूस मोटारसायकलवर बसून नाकाबंदीत सापडला असता, तर त्याच्या तोंडात मशीन घातलं असतं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद त्याच्यापुढे असती. गाडी चालवताना १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. पायी चालत जाऊन कुणाचा जबडा फोडला, तर किती चाललं असतं, हे कुणी मोजतच नाही. बरं, मोजायला कायद्याची आडकाठीही नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये वैद्यकीय तपासणी आणि रक्ततपासणीची तरतूद आहे. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल निघालं तर खुलासा त्या माणसाने करायचा, असंही त्यात लिहिलेलं आहे. ही तरतूद मारामारीच्या फिर्यादीत वापरलेली मी तरी पाहिलेली नाही.

दुसरं, शिक्षेचं. इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेत सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन लोकांना त्रास देणाऱ्याला २४ तासांची साधी कैद किंवा १० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. तिच्या कलम ३५५ मध्ये १० रुपयांचे १००० झाले, समाजसेवेची शिक्षाही आली. चांगलं झालं. पण २४ तास २४ तासच राहिले. आपल्या राज्याच्या कायद्यात कलम ८५ आहे, तेही पिऊन गोंधळ घालण्याबद्दलच. म्हणजे पिणं एका कलमात, गोंधळ दुसऱ्यात, मारणं तिसऱ्यात. पिऊन मारणं असं एकत्र कुठेच नाही. पिऊन मारणाऱ्याची नोंद निराळी होत नाही, म्हणून तोच माणूस चौथ्यांदा मारतोय हे पाचव्या अंमलदाराला कळायला मार्ग नाही.

तिसरं गाऱ्हाणं विक्रीचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण परवाना म्हणजे काय हे मी वडिलांपासून पाहत आलोय.

माझ्या भिंतीवर फॉर्म २० आणि २१ चे परवाने लावलेले आहेत. फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकान उघडता येत नाही. शेड्यूल एच-वन (चिठ्ठीशिवाय न विकायच्या, कडक नोंदीच्या औषधांची यादी) मधलं औषध दिलं, तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१४ पासून हे बंधन आहे. ड्रग इन्स्पेक्टर आला की आधी तेच मागतो. कटकट आहे, पण मी तक्रार करत नाही, पट्टी चुकीच्या हातात गेली तर काय होतं ते मला माहीत आहे.

माझ्यापासून चार दुकानं सोडून वाईन शॉप आहे. कायदा तिथेही आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर हसतात. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, देशीचा २ रुपयांना. बीअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. इतकी वर्षं मी त्या रांगेकडे पाहतोय, एकाही गिऱ्हाइकाने परवाना काढून दाखवलेला किंवा कुणी मागितलेला मला दिसला नाही. वय विचारलेलं ऐकलं नाही. मिसरूड न फुटलेला पोरगा क्वार्टर घेऊन निघतो, शेजारच्या टपरीवर डिस्पोजल ग्लास आणि पाण्याचा पाऊच घेतो, अंडाभुर्जीच्या गाडीमागे उभा राहतो आणि तिथेच पितो. वाईन शॉपला बसायची जागा नसते, त्यामुळे सगळा चौकच त्यांचा परमिट रूम. सकाळी मी शटर उघडायच्या आधी पायरीवरचे ग्लास झाडून काढतो, तेव्हा पोलिसांच्या हातातली काठी आणि माझ्या हातातला झाडू यांत जास्त काम कोण करतं असा प्रश्न पडतो. असो.

दुकानाच्या आत धिंगाणा चालू दिला तर परवानाधारक दोषी धरता येतो. ही जबाबदारी उंबरठ्यावर संपते. पायरी उतरली की कुणाचाच काही संबंध नाही. आणि खान्देशात मारामाऱ्या होतात त्या सगळ्या पायरीच्या बाहेर. स्टँडमागे, गाड्यांजवळ, लग्नसराईत हळदीच्या रात्री डीजेपुढे, यात्रेत पाळण्यांच्या पाठीमागे.

वाईन शॉपवाल्याचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. तो माझंच गिऱ्हाईक आहे. परवाना शुल्कापोटी मोठी रक्कम भरतो, त्याच्या नोकरांनीही मार खाल्लाय. तो म्हणतो, एकट्या मी नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल, धंदा माझा बुडेल, मारामारी व्हायची ती होईलच. बरोबर आहे. सगळ्यांना एकच नियम आणि तो सगळ्यांकडून पाळून घेणारा कुणीतरी, एवढंच त्याला पाहिजे. मलाही तेच पाहिजे.

यावर तुम्ही म्हणाल, कारवाई तर चालूच आहे. आहे ना. "प्रोहिबिशनच्या केसेस" पेपरात रोज छापून येतात. पण बहुतेक वेळा फोटोत कोण असतं? सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरची म्हातारी, तिचा मोहाचा ड्रम आणि तो ओतणारे जवान. हातभट्टी विषारी असते, ती बंद झालीच पाहिजे, त्यावर दुमत नाही. हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करायला १९८१ चा एमपीडीए कायदाही आहे. पण चौकातल्या परवानाधारकाला, तुझ्या दारात या महिन्यात किती डोकी फुटली, असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तसं विचारायला जिल्हाधिकाऱ्यांना दारूबंदी अधिनियमाचं कलम ५४ आहे, परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम १४२ आहे, सार्वजनिक शांततेसाठी दुकान बंद ठेवता येतं. निवडणूक आणि मिरवणुकीच्या दिवशी हे कलम चटकन आठवतं.

मी दारूबंदी मागतोय असा कुणी अर्थ काढू नये. वर्ध्यात १९७५ पासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आमच्या शेजारी गुजरातेत दारूबंदी आहे. नवापूरच्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. दारूच्या गाड्या सीमेवर पकडल्याच्या बातम्या आम्ही वाचतच असतो. बंदीवर मतं दोन्ही बाजूंनी आहेत. मला आज त्या वादात पडायचं नाही. ज्याला प्यायची त्याने प्यावी, घरी जाऊन झोपावं. माझी मागणी प्यायल्यावर रस्त्यावर येऊन हात उचलणाऱ्याबद्दल आणि त्याला आणखी एक क्वार्टर देणाऱ्याबद्दल आहे.

मात्र ज्या गावाला दुकान नकोय, त्याच्यासाठी २००८ चा आदेश आहे, ज्याला आपण उभी बाटली आडवी बाटली म्हणतो (उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद). त्यात दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात. मतदानाला जी बाई गावात नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखं होतं. तुमच्यापैकी किती जण यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आलात?

बाहेरच्या देशांनी काय केलं ते थोडं सांगतो, कारण "असं कुठे होतं का" असं उत्तर येणार हे मला माहीत आहे. सिडनीत किंग्ज क्रॉस भागात २०१२ मध्ये थॉमस केली हा १८ वर्षांचा मुलगा एका अनोळखी माणसाच्या एका ठोशाने गेला. २०१३ च्या शेवटच्या रात्री तिथेच डॅनियल क्रिस्टी, तोही १८ चा, तशाच एका ठोशाने पडला आणि पुढे वारला. २०१४ मध्ये तिथल्या राज्याने कायदा केला: नशेत केलेल्या हल्ल्यात माणूस मेला, तर किमान ८ वर्षं आणि जास्तीत जास्त २५ वर्षं कैद. सिडनीच्या मध्यवस्तीतल्या बारमध्ये रात्री दीडनंतर नवीन गिऱ्हाईक नाही, तीननंतर दारू नाही. यातली बहुतेक वेळेची बंधनं २०२० आणि २०२१ मध्ये उठवली गेली, रात्रीचा धंदा बसला अशी ओरड होती. त्याआधी २००८ मध्ये त्याच राज्यातल्या न्यूकॅसल शहरात बंद करण्याच्या वेळा अलीकडे आणल्या, तिथे रात्रीचे हल्ले एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. नुसत्या मोठ्या शिक्षेने मारणारा थांबतो असं मला वाटत नाही. झिंगलेला माणूस कलम आठवून ठोसा मारत नाही. विकणारा मात्र शुद्धीत असतो, त्याला कलम आठवतं.

मला जास्त भावलं ते वेल्समधल्या कार्डिफचं. जॉनथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन. जबडे फुटलेली माणसं त्यांच्याकडे यायची आणि त्यातल्या कित्येकांची पोलिसात नोंदच नसायची. त्यांनी दवाखान्यात साधी चार-पाच प्रश्नांची नोंद सुरू केली: कुठे मार बसला, किती वाजता, कशाने. नाव नाही, गाव नाही. ती यादी पोलीस आणि नगरपालिकेकडे नियमित जाऊ लागली. कुठल्या बारबाहेर, कुठल्या वाराला, किती वाजता हाणामारी होते हे कळलं, गस्त तिथे गेली, परवान्याची सुनावणी त्यावर झाली. दवाखान्यात दाखल होणारे जखमी घटले. याला ना नवी इमारत लागली ना मोठं बजेट. ही नोंद आमच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढणारा कर्मचारीसुद्धा करू शकतो.

पैशाचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले. त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्त मिळतील असं सरकारनेच सांगितलं. आमच्या पोराच्या जबड्याचा खर्च त्याच्या आईने गळ्यातलं मोडून केला. त्या चौदा हजार कोटींत तिचा वाटा किती, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता मागण्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम राज्याचा स्वतःचा कायदा आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहायची फारशी गरज नाही. केंद्राच्या कायद्याला हात घातला की काय होतं, ते स्त्रियांवरच्या अत्याचारांसाठी आणलेल्या डिसेंबर २०२१ च्या शक्ती विधेयकाने दाखवलंय. दोन्ही सभागृहांनी मंजूर करूनही राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. म्हणून राज्याच्याच कायद्यात "सार्वजनिक ठिकाणी नशेत केलेला हल्ला" असा वेगळा गुन्हा घाला, दुखापत साधी असली तरी तो दखलपात्र करा. पहिल्या खेपेला जखमीची भरपाई आणि समाजसेवा, दुसऱ्या खेपेला कैद आणि त्या चौकात ठरावीक काळ फिरकायला मनाई. किमान शिक्षा घालू नका, ते न्यायाधीशांवर सोडा.

अशा प्रत्येक फिर्यादीत आरोपी हाती लागताच श्वासाची तपासणी सक्तीची करा आणि दारू कुठून घेतली हा रकाना फिर्यादीच्या नमुन्यातच टाका. जखमीचीही तपासणी करा, मला हरकत नाही. फिर्यादी प्यायलेला असेल तर तेही कागदावर येऊ दे.

परवान्याच्या अटीत दुकानाच्या दारापुढची शंभर मीटर जागा घाला. तिथे पिणं चालू दिलं, झिंगलेल्याला विकलं, अल्पवयीनाला विकलं, कॅमेरा बंद ठेवला, तर कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी, आणि त्या सुनावणीला चौकातल्या लोकांना बोलायचा हक्क. दर तिमाहीला दुकानवार नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. एक दिवसाचा परवाना एकतर खरोखर तपासा, नाहीतर काढून टाका. न पाळला जाणारा नियम कायद्याची अब्रू घालवतो, आणि मग माझं एच-वनचं रजिस्टर तरी मी का भरायचं?

तिन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत कार्डिफसारखी नोंद एक वर्ष करून पाहा. वाढीव महसुलातला ठरावीक हिस्सा रस्त्यावरच्या हल्ल्यातल्या जखमींच्या उपचाराला बांधून द्या, तातडीने, पोलीस तपास संपायची वाट न पाहता. गावच्या मतदानात झालेल्या मतांची मोजणी धरा, यादीतल्या गैरहजर नावांची नको.

मंत्री दोन असले तरी राज्य उत्पादन शुल्क आणि पोलीस हे दोन्ही विषय मंत्रालयात गृह विभागाच्याच छताखाली येतात. तेव्हा ही फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिली असं उत्तर कृपया देऊ नका.

आमदार साहेबांना वेगळी विनंती. वीस जण आहात, पक्ष निरनिराळे आहेत, तरी यात कुणाचं राजकारण बिघडत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका: गेल्या तीन वर्षांत तुमच्या मतदारसंघात नशेत झालेल्या हल्ल्यांची नोंद किती, किती परवान्यांची कलम ५४ खाली सुनावणी झाली, किती निलंबित झाले. सरकारने दुरुस्ती आणली नाही, तर अशासकीय विधेयक मांडायचा हक्क तुम्हाला आहे. मसुदा लिहायला तालुक्याच्या बार असोसिएशनमधले दोन वकील तयार आहेत, फी न घेता.

पत्राची प्रत तिन्ही जिल्हाधिकारी आणि तिन्ही पोलीस अधीक्षक कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे. सोबत एन.सी.चा कागद, एक्स-रेचा अहवाल आणि उपचाराच्या बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, पोराचं नाव झाकून. मूळ कागद त्याच्या आईकडे आहेत. सुनावणीला बोलावलंत तर ती स्वतः घेऊन येईल, मी सोबत असेन.

आपला,
एक औषध विक्रेता, खान्देश